बेवारसांचा वारस

इंग्लंड आणि वेल्समधील एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत कोणी मनुष्य मरण पावला आणि त्याच्या अंत्यविधीची तजवीज करण्यास कोणीही पुढे आले नाही, तर तो देह पुरण्याची वा त्याचे दहन करण्याची जबाबदारी कायद्याने त्या नगरपालिकेवर येते. १९८४ सालच्या सार्वजनिक आरोग्य (रोगनियंत्रण) अधिनियमाच्या ४६ व्या कलमात ही तरतूद आहे. झालेला खर्च मृताच्या मालमत्तेतून, ती असल्यास, वसूल करण्याची मुभा तेथे आहे. आणि दहन हे मृताच्या इच्छेविरुद्ध ठरेल असे मानण्यास जागा असेल तर दहन करू नये, एवढी एक सहृदय अटही आहे. प्रार्थना, फुले, संगीत, चार शब्द बोलणे यांचा उल्लेख नाही. कायद्याकडून तशी अपेक्षा करणे योग्यही नव्हे. असल्या कोरड्या कलमावर एखादी कलाकृती उभी राहील असे कोणाच्या मनात येणार नाही. परंतु उबेर्टो पासोलिनी यांनी २०१३ साली 'स्टिल लाइफ' हा चित्रपट निर्माण केला, तो नेमका ह्या कलमाची अंमलबजावणी करणाऱ्या एका कारकुनावर. वेस्टमिन्स्टर नगरपालिकेतील अशाच एका अधिकाऱ्याची मुलाखत वृत्तपत्रात वाचून त्यांना ही कल्पना सुचली. त्या वर्षीच्या व्हेनिस महोत्सवातील 'ओरिझोन्ती' विभागात त्यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. (१९६४ साली मत्तयकृत शुभवर्तमानावर चित्रपट काढणारे पियेर पाओलो पासोलिनी ते हे नव्हेत, दोघांत नातेही नाही.) ह्या पानांतून आम्ही सहसा पुस्तकांविषयी लिहितो. ह्या वेळी अपवाद करीत आहोत, कारण ह्या चित्रपटाने जो प्रश्न मांडला आहे तो आपल्या धर्मग्रामांच्या दारात येऊन उभा आहे असे आम्हांस वाटते.

कथानक थोडक्यात असे. जॉन मे हा दक्षिण लंडनमधील नगरपालिकेचा एक नोकर. एकटे राहणारी माणसे मेली, शेजाऱ्यांना वास आला, पोलिसांनी दार फोडले, की ह्याचे काम सुरू. मृताच्या खोलीत जायचे, पत्रे, छायाचित्रे, औषधांच्या बाटल्या, देवाच्या तसबिरी पाहायच्या, त्यावरून नातेवाइकांचा माग काढायचा आणि दूरध्वनी करायचा. बहुतेकदा पलीकडून नकार येतो. मग हा त्या मृताचा धर्म कोणता असेल ते ताडतो, त्याला रुचले असते असे संगीत निवडतो, सापडलेल्या चिटोऱ्यांवरून मृताविषयीचे भाषण स्वतः लिहितो, ते धर्मगुरूंच्या हाती देतो आणि रिकाम्या मंदिरात एकटा बसून ते ऐकतो. अंत्यविधी झाला की कागदपत्रांतील छायाचित्र काढून घरच्या एका संग्रहवहीत चिकटवतो. अशी बावीस वर्षे झाली आहेत. मग एके दिवशी त्याच्या समोरच्याच इमारतीत, त्याच्या खिडकीतून दिसेल अशा खोलीत, बिली स्टोक नावाचा दारूच्या आहारी गेलेला मनुष्य मरून पडलेला सापडतो, आणि त्याच सुमारास वरिष्ठ जॉनला कळवतात की तो फार सावकाश व फार खर्चिक काम करतो, सबब त्याची नोकरी संपली. बिलीचे प्रकरण तेवढे पुरे करू द्या, अशी परवानगी तो मागतो. त्यापुढचा चित्रपट म्हणजे एका मृताच्या आयुष्याचा उलटा प्रवास: कारखान्यातील जुना सोबती, समुद्रकाठच्या गावात तळलेल्या मासळीचे दुकान चालवणारी एके काळची सहचारिणी, रस्त्यावर झोपणारे दोघे, फॉकलंडच्या युद्धातील एक सैनिक, आणि शेवटी बापापासून दुरावलेली मुलगी केली, जी कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करते.

'स्टिल लाइफ' ह्या नावात श्लेष आहे. चित्रकलेत फळे, भांडी, मेलेले पक्षी अशा निश्चल वस्तूंच्या चित्राला इंग्रजीत हे नाव आहे. फ्रेंच व इटालियन भाषांत त्यालाच मृत निसर्ग म्हणतात. शब्द सुटे करून वाचले तर अर्थ होतो, अजूनही जीवन. पासोलिनींचा कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. उशीवर उमटलेला डोक्याचा खळगा, मलमाच्या डबीत राहिलेली बोटांची खूण, दांडीवर वाळत घातलेला कपडा अशा वस्तूंवर तो थांबतो, आणि आपल्याला कळते की आताच कोणीतरी येथून उठून गेले आहे. जॉन मेचे जेवणही असेच चित्रासारखे: मेजावर टिपकागद, बशी, डब्यातील मासा, भाजलेला पाव, एक सफरचंद. आम्हांस जपानी दिग्दर्शक ओझू यांची आठवण झाली. पण ओझूंच्या चौकटीत कुटुंब असते, येथे चौकट आहे आणि कुटुंब नाही. एडी मार्सन ह्या नटाने जॉन मेची भूमिका केली आहे. सहानुभूती मागणे हा अशा भूमिकेतील मोठा मोह. मार्सन तो पूर्णपणे टाळतात. त्यांचा जॉन दुःखी नाही, एकाकीपणाची त्याला जाणीवही नसावी. तो फक्त व्यवस्थित आहे. सेक्रेस्टीतील वस्त्रे वर्षानुवर्षे त्याच घडीवर घालणारे जे एखादे वृद्ध मिर्न्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, त्यांच्या हालचालींत जी शांती असते ती ह्या नटाच्या हातांत आहे. रेचल पोर्टमन यांचे संगीत गोड आहे, थोडे जास्तच गोड. दोन ठिकाणी ते गप्प असते तर बरे झाले असते.

चित्रपटामागे इंग्रजी समाजाचा एक जुना घाव आहे, तो माहीत असल्यावाचून त्याची तीव्रता ध्यानी येत नाही. चार्ल्स डिकन्स यांच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' ह्या १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत धर्मादाय खर्चाने झालेल्या एका दफनाचा प्रसंग आहे. प्रेत खड्ड्याशी आणून ठेवले आहे आणि पाळकसाहेबांचा पत्ता नाही. तासाभराहून अधिक वेळ सर्वजण पावसात तिष्ठत आहेत. गावची पोरे पेटीवरून इकडून तिकडे उड्या मारत आहेत. मग पाळक अंगात झगा चढवीतच येतात, चार मिनिटांत मावेल तेवढा विधी वाचतात आणि निघून जातात. खड्डा इतका भरलेला की वरची पेटी जमिनीपासून अवघ्या काही फुटांवर. हा प्रसंग आम्ही आमच्या व्यवसायबंधूंना वाचून दाखवत असतो. त्यावर फारसे कोणी बोलत नाही. डिकन्स यांनी हे अतिशयोक्तीने लिहिले असे मानण्याचे कारण नाही. त्यापूर्वी थोडीच वर्षे, १८३२ साली, गरीबखान्यात मेलेल्या ज्या माणसावर कोणी हक्क सांगत नाही त्याचा देह शरीरविच्छेदनासाठी देण्याची वाट कायद्याने खुली झाली होती. गरिबी हा जणू गुन्हा, आणि त्याची शिक्षा मेल्यानंतरही. म्हणूनच इंग्लंडचा कामगार पोटाला चिमटा काढून दर आठवड्याला एक पेनी दफनाच्या भिशीत टाकत असे. भाकरी चुकली तरी चालेल, पण सरकारी खड्ड्यात जाणे नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे बदलले. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने बेवारसांच्या अंत्यविधीचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोपवले. तेच कर्तव्य १९८४ मध्ये रोगनियंत्रणाच्या कायद्यात नेऊन ठेवण्यात आले. कर्तव्य तेच, घर बदलले. पहिल्या कायद्याच्या शीर्षकात साहाय्य हा शब्द होता, म्हणजे समोर एक गरजू मनुष्य होता. दुसऱ्याच्या शीर्षकात रोग आहे, म्हणजे समोर एक उपद्रव आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात असे काही नसेल, केवळ कलमांची मांडणी सोयीची केली असेल. पण भाषेच्या अभ्यासकाने अशा स्थलांतराकडे दुर्लक्ष करू नये. जॉन मे १९८४ च्या कायद्याचा नोकर आहे आणि तो १९४८ च्या कायद्याने, किंबहुना त्याहून फार जुन्या एका कायद्याने, वागतो. चित्रपटातील सगळा संघर्ष ह्यातून निघतो. हा संघर्ष काल्पनिकही नाही. काही नगरपालिका असा अंत्यविधी कसलाही समारंभ न करता उरकतात, नातेवाइकांस हजर राहू देत नाहीत वा रक्षा परत देत नाहीत, अशा तक्रारी तेथे होत राहिल्या. २०२० साली तेथील सरकारला ह्याबाबत नगरपालिकांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

आता दोषांकडे वळतो. जॉनचा वरिष्ठ, प्रॅचेट नावाचा, भारी मोटारीतून फिरणारा, गुळगुळीत बोलणारा, आतून पोकळ असा दाखवला आहे. तो जॉनला जे सांगतो त्याचा आशय असा: अंत्यविधी हे जिवंतांसाठी असतात, जेथे जिवंत कोणीच नाही तेथे ते कोणासाठी करायचे? मेलेल्यांस काही कळत नाही. पासोलिनी हा युक्तिवाद एका तिरस्करणीय माणसाच्या तोंडी घालतात आणि त्यावर मात झाली असे समजून पुढे जातात. पुढे जॉन त्या मोटारीची जी विटंबना करतो तिला प्रेक्षक हसतात. उत्तर मात्र राहून जाते. आम्हांस हा लेखकाचा आळस वाटतो. कारण प्रॅचेटचा प्रश्न खरा आहे. करदात्यांचा पैसा मर्यादित आहे. त्यातून शाळा चालवायच्या, वृद्धांना घरपोच जेवण द्यायचे. मृताच्या भाषणासाठी आठवडाभर खपणारा नोकर ठेवायचा की जिवंत वृद्धाच्या दारावर आठवड्यातून एकदा थाप मारणारा? हाच प्रश्न एखाद्या प्रामाणिक, थकलेल्या, भल्या अधिकाऱ्याच्या तोंडी दिला असता तर जॉनची बाजू अधिक उजळली असती, कारण मग तिला सिद्ध व्हावे लागले असते.

चित्रपटाने न दिलेले उत्तर शोधताना आम्ही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायापाशी येऊन थांबलो. त्या एका अध्यायात दोन दफनस्थळे आहेत, आणि ती आम्ही आजवर एकत्र वाचली नव्हती. पहिले कुंभाराचे शेत. यहूदाने फेकून दिलेली तीस नाणी मंदिराच्या कोषात टाकता येत नाहीत, म्हणून मुख्य याजक त्यातून परक्यांना पुरण्यासाठी जमीन विकत घेतात. दुसरे, अरिमथाईच्या योसेफाने स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेले नवे थडगे, जे तो आपल्या प्रभूच्या देहासाठी देतो. पहिले संस्थेने केलेले, हिशेबात न बसणारा पैसा मार्गी लावण्यासाठी; दुसरे एका माणसाने, स्वतःच्या जागेतून. इंग्रजी भाषेत बेवारसांच्या दफनभूमीला आजही कुंभाराचे शेत म्हणतात; न्यूयॉर्कच्या हार्ट बेटावर १८६९ पासून दहा लाखांहून अधिक माणसे पुरली गेली, त्या जागेचेही हेच वर्णन केले जाते. कुंभाराच्या शेताला नावे ठेवण्याचे कारण नाही. याजकांचा हेतू काही का असेना, परका मनुष्य गिधाडांच्या तोंडी गेला नाही. नगरपालिकांनी आपले शेत राखावे, त्यात कसूर झाली तर नागरिकांनी जाब विचारावा. परंतु योसेफाचे काम शेताने होत नाही, आणि ते कोणाच्या अंदाजपत्रकातही बसत नाही.

जॉन मेने स्वतःसाठी टेकडीवर, झाडाखाली, एक सुंदर जागा घेऊन ठेवली आहे. ती तो बिली स्टोकला देतो. दिग्दर्शकाला योसेफ आठवला होता किंवा नाही आम्हांस ठाऊक नाही. तो आठवला नसेल तर हा प्रसंग अधिकच मोलाचा.

वाङ्मयाच्या दृष्टीने ह्या चित्रपटातील सर्वांत रोचक गोष्ट म्हणजे जॉनची भाषणे. एका वृद्धेच्या घरी त्याला तिच्या मांजराच्या नावाने आलेली शुभेच्छापत्रे सापडतात. ती तिनेच स्वतःस लिहिलेली असतात. तिच्या भाषणात जॉन त्या मांजराच्या प्रेमाला मानाचे स्थान देतो. हे सत्य आहे काय? हा स्तुतिपर लेखनप्रकारातला जुनाच पेच आहे, आणि वेदीजवळून मृतांविषयी चार शब्द बोलणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला तो रोज पडतो. मृताला आम्ही ओळखत नसतो. घरची माणसे सांगतात ते बोलतो. घरची माणसे सांगत नाहीत तेही बहुधा आमच्या कानी आलेले असते. जॉनजवळ तर सांगणारेही कोणी नाही. त्यामुळे तो छायाचित्रातील हसू पाहून आनंदी बालपण रचतो. एका अर्थी तो कादंबरीकार आहे, आणि कादंबरीकाराच्या मोहाला तो बळी पडतो: त्याच्या भाषणांत सगळेच मृत चांगले आहेत. बिली स्टोकचा माग घेताना त्याला पहिल्यांदा कागदावरून उठून माणसांत जावे लागते आणि तेथे त्याला एक खरा मनुष्य भेटतो, दारुडा, शूर, बेजबाबदार, कधीकाळी कोणाच्या तरी प्रेमाचा विषय. चित्रपटाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून सरस आहे तो ह्यामुळे.

ह्या संदर्भात हॉलंडमधील एका उपक्रमाचा उल्लेख केला पाहिजे. ग्रोनिंगन शहरात बार्ट एफ. एम. द्रोख ह्या कवीने २००१ साली आणि अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एफ. स्तारिक ह्या कवीने २००२ पासून, ज्यांच्या अंत्यविधीस कोणीच येणार नाही अशा मृतांसाठी कवींनी कविता लिहून ती थडग्यापाशी वाचण्याची प्रथा सुरू केली. नगरपालिका जी थोडीफार माहिती देते तेवढ्यावर कवीने लिहायचे. अ‍ॅम्स्टरडॅममधील ह्यांपैकी अनेक विधी सेंट बार्बरा ह्या कॅथलिक दफनभूमीत झाले. स्तारिक २०१८ साली वारले. बेल्जियममधील अँटवर्पचे कवी मार्टेन इंगेल्स यांच्यासह त्यांनी केलेले ह्या कवितांचे व हकिकतींचे पुस्तक त्याच वर्षी इंग्रजीत आले. जॉन मेची भाषणे आणि ह्या कविता शेजारी ठेवून पाहाव्यात. जॉन रिकाम्या जागा भरतो. हे कवी बहुधा रिकामी जागा रिकामीच ठेवतात. तू कोण होतास हे आम्हांला माहीत नाही, तरी आम्ही आलो आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे. आमचा कौल कवींच्या बाजूने आहे. ख्रिस्तसभेच्या मृतांसाठीच्या विधीतही स्तुतीला स्थान नाही. तेथे मृतासाठी विनवणी आहे, त्याच्या गुणांची यादी नाही. विनवणी करण्यासाठी त्याला ओळखावे लागत नाही.

आपल्याकडे अशा मृताला बेवारस म्हणतात. हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. वारस म्हणजे जो घेतो तो. घेणारा नाही म्हणून मृत बेवारस. देणारा नाही म्हणून नव्हे. पंचनामा, छायाचित्र, शवागारातील प्रतीक्षा, आणि मग नगरपालिका किंवा एखादी सेवाभावी संस्था, हा क्रम मुंबईच्या वृत्तपत्रांचा वाचक जाणतो. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली, ती १८३२ च्या इंग्रजी कायद्याच्याच वळणावर. (स्वेच्छेने देहदान करणाऱ्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाही, पण दिलेला देह आणि कोणी मागितला नाही म्हणून घेतलेला देह यांत अंतर आहे.) सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पंडित परमानंद कटारा यांच्या प्रकरणात मनुष्याची प्रतिष्ठा मृत्यूनंतरही त्याच्या देहास लागू राहते असे मानले, आणि २००२ मध्ये बेघर मृतांनाही त्यांच्या धर्माप्रमाणे सभ्य अंत्यविधी मिळाला पाहिजे ही गोष्ट मान्य केली. अयोध्येचे मोहम्मद शरीफ हे सायकल दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांच्या मुलाचा देह बेवारस म्हणून गेला, तेव्हापासून त्यांनी हजारो अनोळखी मृतांचे, हिंदूंचे हिंदू रीतीने व मुसलमानांचे त्यांच्या रीतीने, अंत्यविधी केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जॉन मे ही कल्पना आहे. शरीफ चाचा ही नव्हे.

मृतांना पुरणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी सातवे. पहिली सहा मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातून आली, सातवे तोबितच्या ग्रंथातून. स्वतःचे जेवण अर्धवट टाकून उठणारा आणि रात्री लपतछपत अनोळखी बांधवाला पुरणारा तोबित हा जॉन मेचा खरा पूर्वज. तेराव्या शतकापासून फ्लॉरेन्समध्ये मिझेरिकॉर्दियाचे बंधू रोग्यांना आणि मृतांना खांद्यावरून नेत, तेही चेहरा झाकून, उपकार करणारा कोण हे कळू नये म्हणून. पोर्तुगालच्या राणी लिओनोर यांनी १४९८ साली लिस्बनला अशीच संस्था उभारली. तेथून ती गोव्यास आली, आणि आपल्या वसईच्या किल्ल्यातही मिझेरिकॉर्दिया होती. किल्ला पाहायला जाणारे आपले तरुण चर्चच्या भिंतींपाशी छायाचित्रे काढतात. त्याच किल्ल्यात निराधारांची चिंता वाहणारी मंडळी होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आमच्या वाचकांना वाटेल, आपल्या गावात बेवारस कोण असणार? येथे तर पेटीमागे सारी आळी असते. होती, हे खरे. जॉन मेच्या यादीतील सगळे मृत निपुत्रिक नाहीत, ही चित्रपटातील सूक्ष्म आणि अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. त्यांना मुले आहेत, भावंडे आहेत. ती दूरध्वनीवर नाही म्हणतात. आपल्याकडे मुले नाही म्हणत नाहीत, ती कॅनडात असतात, आखातात असतात, ऑस्ट्रेलियात असतात आणि त्यांना रजा मिळत नाही. बंगला मोठा, खिडक्या बंद, आत एक वृद्ध स्त्री आणि भाड्याने ठेवलेली मुलगी. शिवाय विटा पाडण्यास, इमारती बांधण्यास, घरकामास दूरदूरच्या प्रांतांतून आलेले ख्रिस्ती आता आपल्या धर्मग्रामांत आहेत. ते रविवारी मागच्या बाकांवर बसतात आणि त्यांची नावे नोंदवहीत नसतात. असा कोणी गेला तर दफनभूमीच्या समितीत पहिला प्रश्न निघतो तो वर्गणीचा. आम्ही अशा सभांना बसलो आहोत. संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे लोक पेटीचे पैसे पुष्कळदा मुकाट्याने देतात. पेटीमागे चालायला मात्र त्यांचेच तिघे-चौघे उरतात. ज्या दिवशी एखाद्या मातबराची अंत्ययात्रा असते त्या दिवशी मोटारींना जागा पुरत नाही. आणि २०२०-२१ च्या साथीत सख्ख्या मुलांनाही जवळ जाता आले नाही, पांढऱ्या वेष्टनातील पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी देह खाली सोडला, हे आपण सर्वांनी पाहिले. त्या काळापूर्वी 'स्टिल लाइफ' पाहिलेल्यांनी तो पुन्हा पाहावा; तो तेव्हाचा चित्रपट राहिलेला नाही.

अखेरीचा प्रसंग सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही; ज्यांना तो आधी कळू नये असे वाटते त्यांनी येथे थांबावे. केलीने अंत्यविधीनंतर चहाचे निमंत्रण दिले आहे. जॉन मे आयुष्यात प्रथमच हसतो, कुत्र्यांची चित्रे असलेले दोन पेले विकत घेतो आणि रस्ता ओलांडताना बसखाली सापडून मरतो. ज्या वेळी बिली स्टोकला, जॉनने जमवलेल्या माणसांच्या सोबतीने, टेकडीवरच्या त्या जागेत पुरले जात आहे, त्याच वेळी त्याच दफनभूमीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जॉनची पेटी नगरपालिकेच्या खर्चाने एका नावाविना थडग्यात उतरते. केली इकडेतिकडे पाहते, तो का आला नाही असे तिच्या चेहऱ्यावर उमटते. शेजारून जाणाऱ्या पेटीत कोण आहे हे तिला कळत नाही. सगळे गेल्यावर, जॉनने बावीस वर्षांत ज्यांना ज्यांना निरोप दिला ते सर्व मृत एकेक करून येतात आणि त्याच्या थडग्याभोवती उभे राहतात.

काहींना हा शेवट भावविवश वाटेल. बसचा अपघात आम्हांसही पटलेला नाही. दोन दफने एकाच घटकेला घडवून आणणे हे नाटककाराचे हात दिसण्यासारखे आहे. पण मृतांचे येणे हा निराळा मुद्दा. ते बोलत नाहीत, गात नाहीत, त्यांच्याभोवती तेजोवलय नाही. ज्या कपड्यांत ते छायाचित्रांत होते त्याच कपड्यांत ते येतात. संतसमागमाविषयी आम्ही वर्षानुवर्षे नोव्हेंबर महिन्यात प्रवचने देतो. इतके साधे चित्र आम्हांला काढता आलेले नाही. मेलेल्यांस काही कळत नाही असे म्हणणाऱ्या प्रॅचेटला चित्रपट येथे, शेवटच्या मिनिटाला, उत्तर देतो. तर्काने दिले नाही ते दृश्याने देतो. आमची हरकत एवढीच की हे उत्तर जिवंतांना फार स्वस्तात सोडते. मृत आले, म्हणजे जॉन एकटा नव्हता, म्हणजे प्रेक्षकाने डोळे पुसून घरी जावे. केलीने चार पावले वळून, ही पेटी कोणाची, एवढे विचारले असते तर मृतांना यावे लागले नसते. पासोलिनींनी ते चार पावलांचे अंतर तसेच ठेवले. ते निर्दयपणे ठेवले असते तर चित्रपट श्रेष्ठ झाला असता. मृतांना आणून त्यांनी तो सुंदर केला.

चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे, संवाद मोजके आहेत, इंग्रजी बेताचे येणाऱ्यांनाही तो कळेल. मोटारीच्या त्या एका प्रसंगावाचून मुलांपुढे दाखवण्यास हरकत असे त्यात काही नाही, आणि थोरल्या मुलांना तोही चालेल. ज्यांना आवडेल त्यांनी पासोलिनींचा २०२० सालचा 'नोव्हेअर स्पेशल' शोधून पाहावा. त्यात खिडक्या पुसण्याचे काम करणारा एक तरुण बाप आहे; त्याला आपला मृत्यू जवळ आल्याचे कळले आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला कोणाच्या घरी सोपवायचे ह्यासाठी तो एकेका कुटुंबाचे दार वाजवत हिंडतो. तेथे प्रॅचेट नाही, भुते नाहीत आणि संगीतही कमी आहे.